टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन : एका दाव्याची चिकित्सा

(१)

टाकाऊ प्लॅस्टिकपासून द्रव इंधन तयार करता येते, हे विधान महाराष्ट्रातील वाचकाला नवे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांच्या उत्प्रेरक-पद्धतीची वार्ता देशभर पसरली, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत त्या पद्धतीवर आधारलेला कारखाना उभा राहिला, आणि पिशव्यांच्या ढिगातून तेल निघते ही कल्पना लोकांच्या मनात रुजली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेत एका प्रायोगिक संयंत्राचे उद्घाटन झाले. दिवसाला एक टन प्लॅस्टिक घेऊन सुमारे ८०० लिटर डिझेल देण्याची त्याची क्षमता सांगण्यात आली. अशा प्रत्येक प्रसंगी जे लेखन होते त्याचा सूर बहुधा एकच असतो : कचऱ्याचा प्रश्न मिटला, तेलाच्या प्रश्नालाही हातभार लागला, आणि हे सारे ‘पुनश्चक्रण’ असल्यामुळे पर्यावरणाचेही कल्याण झाले.

या दाव्यातील रसायन खरे आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. त्याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. संशय घ्यावा लागतो तो दाव्यातील शब्दांविषयी. ‘प्लॅस्टिक’, ‘इंधन’ आणि ‘पुनश्चक्रण’ हे तीन शब्द त्यात असे काही सैलपणाने वापरले जातात की, एका मर्यादित क्षेत्रात उपयुक्त ठरणारी पद्धती सर्वरोगहारक औषधाप्रमाणे भासू लागते. शास्त्रीय विषयावरील लेखनात शब्दांचा सैलपणा हा केवळ भाषेचा दोष राहत नाही. त्यावर नगरपालिकांचे निर्णय आणि सार्वजनिक पैशाचे व्यय अवलंबून असतात. म्हणून या तीन शब्दांची क्रमाने तपासणी करणे आवश्यक आहे.

(२)

प्रथम मूळ प्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहू गेल्यास असे दिसते की, तिच्यामागील कल्पना प्लॅस्टिकच्या युगाहूनही जुनी आहे. १८४५ मध्ये ब्लाइथ आणि हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी स्टायरोल हा द्रव तापवून घट्ट केला आणि तो घट्ट पदार्थ पुन्हा तीव्र उष्णतेने ऊर्ध्वपातित केला असता मूळ द्रव परत मिळतो असे दाखविले. त्या घन पदार्थाला आज पॉलिस्टायरीन म्हणतात. १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स यांनी रबराच्या शुष्क ऊर्ध्वपातनातून आयसोप्रीन वेगळे केले. बहुवारिक पदार्थ म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी होय, हे श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले. ते मान्य होण्यापूर्वीच साखळी उष्णतेने तुटते याचा अनुभव प्रयोगशाळेत आलेला होता. दुसरीकडे, जड खनिज तेलाचे मोठे रेणू तापवून पेट्रोलमध्ये बसतील एवढे लहान करण्याची भंजनाची कला बर्टन यांच्या १९१३ च्या एकस्वाने औद्योगिक झाली, आणि हूद्री यांच्या पद्धतीचे पहिले मोठे संयंत्र १९३७ मध्ये चालू झाल्यावर त्या कलेला उत्प्रेरकाची जोड मिळाली.

प्लॅस्टिकपासून इंधन मिळविण्याची पद्धती म्हणजे या दोन परंपरांचा संगम होय. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लॅस्टिके कार्बन आणि हायड्रोजन यांचीच बनलेली असतात. रासायनिक दृष्ट्या ती फार लांब साखळीच्या पॅराफिन मेणासारखी आहेत. हवेचा संपर्क टाळून ती ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की साखळ्या तुटतात, वाफा निघतात, आणि त्या थंड केल्या म्हणजे तेल व मेण जमते. न थिजणारा वायू बहुधा भट्टी तापविण्याच्याच कामी येतो. तळाशी काजळी व राख उरते. झिओलाइटसारखा उत्प्रेरक वापरल्यास मेणाचे प्रमाण घटते आणि हलक्या तेलाचे वाढते. मात्र उत्प्रेरकावर कार्बनचा थर साचून त्याची शक्ती क्षीण होत जाते. यात गूढ असे काही नाही. जे तेलशुद्धीच्या कारखान्यात जड तेलाचे होते तेच येथे पिशवीचे होते.

(३)

आता पहिला शब्द : ‘प्लॅस्टिक’. सामान्य व्यवहारात हा एकवचनी शब्द आहे. रसायनशास्त्रात तो एका मोठ्या आणि परस्परांशी न जुळणाऱ्या कुटुंबाचे नाव आहे. या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे उष्णतेपुढील वर्तन निराळे असते. पॉलिएथिलीनची साखळी कोठेही तुटते, म्हणून तिच्यापासून वायूपासून मेणापर्यंत सर्व लांबीच्या रेणूंची खिचडी मिळते. पॉलिस्टायरीनची साखळी बऱ्याच अंशी टोकाकडून उसवत जाते आणि मूळ स्टायरीन मोठ्या प्रमाणात परत देते. ज्याच्यापासून काचेसारखे पारदर्शक पत्रे करतात ते पॉलिमेथिल मेथाक्रिलेट तर जवळजवळ संपूर्णपणे आपल्या एकवारिकात परतते.

हे झाले आज्ञाधारक सदस्य. पीव्हीसीचा प्रकार उलट आहे. शुद्ध पीव्हीसीच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के वजन क्लोरीनचे असते, आणि ३०० अंशांच्या आतच तो क्लोरीन हायड्रोजन क्लोराइडच्या रूपाने बाहेर पडू लागतो. हा आम्लवायू पोलादी नळ्या खातो आणि तेलात क्लोरीनयुक्त द्रव्ये सोडतो. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी घ्यावे तर त्याच्या वजनाचा एक तृतीयांश भाग ऑक्सिजन आहे. त्यापासून तेल थोडे आणि कार्बन डायऑक्साइड व घन आम्ले पुष्कळ निघतात; ही आम्ले थंड नळ्यांत गोठून त्या तुंबवितात. नायलॉनमधील नायट्रोजन तेलात उतरतो. खाद्यपदार्थांच्या चकचकीत पुड्यांत तर दोन-तीन प्रकारची प्लॅस्टिके आणि ॲल्युमिनियमचा थर एकमेकांना चिकटविलेले असतात. त्यावर शाई, गोंद, मीठ, तेल आणि ओल यांचे आवरण चढते ते निराळेच.

येथेच या दाव्यातील मुख्य विसंगती उघड होते. ही पद्धती ज्या मालावर उत्तम चालते तो माल म्हणजे स्वच्छ, कोरडे, निवडलेले पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. परंतु नेमक्या याच मालाला भंगाराच्या बाजारात गिऱ्हाईक आहे. तो धुऊन, वितळवून त्याचे दाणे पाडता येतात आणि त्या दाण्यांपासून बादल्या, नळ्या, पत्रे बनतात. उलट ज्या कचऱ्याला कोणी हात लावीत नाही, म्हणजे मळकट, संमिश्र, अनेक थरांचा कचरा, तोच या पद्धतीला सर्वांत कमी मानवतो. ‘जे कोणालाच नको ते आम्ही घेऊ’ असे सांगून आरंभ करावयाचा आणि यंत्र सुरळीत चालावे म्हणून ‘जे सर्वांना हवे ते आम्हालाही द्या’ असे म्हणावयाचे, हा प्रवास अशा संयंत्रांच्या बाबतीत अपवाद नसून नियम होण्याची भीती असते. हा कोणा एका संशोधकाच्या हेतूचा दोष नव्हे. पदार्थांचे गुणधर्मच त्या दिशेला ओढतात.

या विसंगतीला एक सामाजिक बाजूही आहे आणि तांत्रिक लेखनात ती बहुधा अनुल्लेखित राहते. ‘निवडलेले प्लॅस्टिक’ असे जेव्हा एखाद्या अहवालात लिहिले जाते तेव्हा ती निवड कोणी केली हे लिहिलेले नसते. महाराष्ट्राच्या शहरांत ती निवड मुख्यतः कचरावेचक स्त्रियांनी केलेली असते. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली ती या कष्टाला श्रमाचा दर्जा मिळावा म्हणूनच. कोणती पिशवी कोणत्या ढिगात टाकावयाची हे ज्ञान या स्त्रियांच्या बोटांत असते, आणि विक्रीयोग्य प्लॅस्टिक हा त्यांच्या दिवसाच्या मिळकतीचा एक भाग असतो. एखादी नगरपालिका सर्व प्लॅस्टिक इंधन-संयंत्राला देण्याचा करार करते तेव्हा ती केवळ कचरा देत नाही. ती हे उत्पन्नही देऊन टाकते. ते योग्य की अयोग्य याचा निर्णय होण्यापूर्वी निदान तसे घडते आहे हे कागदावर आले पाहिजे.

(४)

दुसरा शब्द ‘इंधन’. जळते ते सर्व इंधन, या अर्थाने हा शब्द निर्दोष आहे. पॉलिएथिलीनचे उष्मामूल्य डिझेलच्या जवळपास असते, आणि त्यापासून निघणारे तेल बॉयलरमध्ये किंवा भट्टीत जाळता येते यात शंका नाही. अडचण येते ती ‘डिझेल’ आणि ‘पेट्रोल’ ही विशेषनामे त्या तेलाला लावली जातात तेव्हा. भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांहून अधिक चालत नाही. त्याशिवाय सीटेन अंक, प्रज्वलनबिंदू, घनता, टिकाऊपणा अशा अनेक कसोट्या असतात. प्लॅस्टिकच्या तेलात गंधक बहुधा कमी असते, ही त्याची जमेची बाजू. परंतु साखळी तुटताना असंतृप्त रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतात. असे तेल साठवणीत काळवंडते, त्यात चिकट गाळ धरतो, आणि तो इंजिनाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतो. त्यावर उपाय म्हणजे तेलाचे ऊर्ध्वपातन करून त्याला हायड्रोजन देणे. हा उपाय मोठ्या तेलशुद्धी कारखान्यात सहज साध्य आहे; गावकुसाबाहेरच्या लहान संयंत्राला तो झेपणारा नाही. तेव्हा नळीतून पडणारा द्रव पेटला एवढ्यावरून त्याला डिझेल म्हणणे म्हणजे उसाच्या रसाला साखर म्हणण्यासारखे होय. रसापासून साखर होते, पण मधली सारी गुऱ्हाळे गृहीत धरून चालत नाही.

उत्पन्नाच्या आकड्यांचीही अशीच छाननी केली पाहिजे. ‘एक टनापासून ८०० लिटर’ हे वाक्य ऐकताना ८०० आणि १००० हे आकडे मनात शेजारीशेजारी बसतात आणि जणू काही चार पंचमांश माल हाती आला असा ग्रह होतो. परंतु एक आकडा लिटरांचा आहे, दुसरा किलोग्रॅमचा. डिझेलची घनता सुमारे ०.८३ धरली तर ८०० लिटरांचे वजन साधारण ६६० किलोग्रॅम भरते. म्हणजे दोन तृतीयांश वस्तुमान डिझेलच्या रूपाने मिळते, आणि उरलेला एक तृतीयांश भाग इतर रूपांत जातो. हे प्रमाण मुळीच हिणकस नाही. प्रायोगिक संयंत्राच्या दृष्टीने ते चांगले म्हटले पाहिजे. दोष आहे तो लिटरांची टनाशी तुलना करून वाचकाला संभ्रमात ठेवणाऱ्या मांडणीचा.

तेलाचा प्रश्न याने कितपत सुटेल याचाही हिशेब करणे कठीण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९-२० च्या अहवालाप्रमाणे देशात त्या वर्षी सुमारे ३४.७ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. त्याच वर्षी देशाचा पेट्रोलियम पदार्थांचा खप सुमारे २१.४ कोटी टन होता. तो सर्व कचरा, पीव्हीसी आणि पीईटीसुद्धा, वरील आदर्श प्रमाणात तेल देईल असे क्षणभर मानले तरी हाती येणारे तेल २३ लाख टनांच्या आसपास, म्हणजे देशाच्या गरजेच्या शंभरात एक एवढेच भरते. यास्तव या पद्धतीचे समर्थन करावयाचे असेल तर ते कचऱ्याच्या बाजूने करावे. तेलाच्या बाजूने ते टिकत नाही.

(५)

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पुनश्चक्रण’. या शब्दाच्या पोटात ‘चक्र’ आहे आणि चक्राची अट अशी की, फिरून आरंभस्थानी आले पाहिजे. बादलीचे दाणे होऊन पुन्हा बादली झाली तर चक्र पुरे होते. पॉलिस्टायरीनपासून स्टायरीन आणि स्टायरीनपासून पुन्हा पॉलिस्टायरीन झाले तरी ते पुरे होते. ब्लाइथ आणि हॉफमन यांनी दाखविले ते हेच. पीईटीचे ग्लायकॉल किंवा मेथॅनॉल यांच्या साहाय्याने विघटन करून त्याचे घटक परत मिळवितात, तेही याच जातीचे. किंबहुना प्लॅस्टिकचे उष्णता-विघटन करून मिळालेले तेल शुद्ध करून ते पुन्हा एथिलीन बनविणाऱ्या कारखान्यात नेले आणि त्यापासून नवे प्लॅस्टिक घडविले, तर त्यालाही रासायनिक पुनश्चक्रण म्हणण्यास हरकत नाही. परंतु तेच तेल मालमोटारीच्या टाकीत ओतले की चक्र तुटते. प्लॅस्टिक धुराड्यातून निघून जाते. संयंत्र तेच, तेलही तेच; फरक पडतो तो केवळ गंतव्यस्थानाचा, आणि तो फरकच निर्णायक आहे.

या बाबतीत कायद्याची भाषा वृत्तलेखनापेक्षा अधिक काटेकोर आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशात पुनश्चक्रणाची व्याख्या करतानाच इंधन म्हणून वापरावयाच्या पदार्थांत केलेले रूपांतर स्पष्टपणे वगळले आहे. भारतात २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना रस्तेबांधणी, ऊर्जाप्राप्ती आणि तेलनिर्मिती या मार्गांना उत्तेजन देण्यास सांगितले, पण ज्याचे आणखी पुनश्चक्रण शक्य नाही असे प्लॅस्टिक त्यासाठी प्राधान्याने घ्यावे असे सुचवून. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने तर कचऱ्यापासून तेल हा मार्ग सिमेंटच्या भट्ट्यांशेजारी ‘आयुष्यान्त विल्हेवाट’ या सदरात बसविला, आणि पुनश्चक्रण त्याहून वेगळे ठेवले. ज्याला नियम विल्हेवाट म्हणतात त्याला लेखक पुनश्चक्रण म्हणतात, अशी ही स्थिती आहे.

शब्दांचा हा वाद पोकळ नाही. एक किलोग्रॅम पॉलिएथिलीन पूर्ण जळाले की तीन किलोग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रासायनिक समीकरणावरून कोणाही विद्यार्थ्याला हे काढता येईल. इंधन जळून तो हवेत गेल्यावर परत आणता येत नाही. खाणीतून काढलेले तेवढेच तेल वाचले असे उत्तर यावर दिले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु त्याच किलोग्रॅमची बादली झाली असती तर नवे प्लॅस्टिक बनविण्याचे तेल वाचले असते, आणि कार्बनही बादलीतच बद्ध राहिला असता. तुलना कोणाशी करावयाची यावर उत्तर अवलंबून आहे. उकिरड्यावर उघड्यात जाळण्याशी तुलना केली तर इंधन-संयंत्र निःसंशय श्रेष्ठ ठरते. दाणे पाडणाऱ्या लहान कारखान्याशी केली तर ते कनिष्ठ ठरते. ‘पुनश्चक्रण’ या शब्दाचे आवरण घातले की ही तुलना करण्याची गरजच कोणाला भासत नाही.

(६)

ही चिकित्सा केवळ तर्कावर आधारलेली नाही. अन्य देशांच्या अनुभवाचा तिला आधार आहे. जर्मनीत बीएएसएफ या अग्रगण्य रासायनिक कंपनीने लुडविग्सहाफेन येथे १९९४ मध्ये वर्षाला १५,००० टन क्षमतेचे प्रायोगिक संयंत्र चालू केले. प्लॅस्टिक वितळविणे, क्लोरीन वेगळा काढणे, मग साखळ्या तोडणे असा त्याचा पद्धतशीर क्रम होता. मोठ्या कारखान्यासाठी लागणारा कचरा परवडणाऱ्या अटींवर दीर्घकाळ मिळेल अशी हमी न मिळाल्यामुळे ते १९९६ मध्ये बंद करण्यात आले. जपानमध्ये वेष्टनांच्या पुनश्चक्रणाचा कायदा पूर्णपणे अमलात आल्यावर २००० मध्ये साप्पोरो येथे वर्षाला सुमारे १४,००० टनांचा द्रवीकरण-कारखाना सुरू झाला. घरोघरी वेगळा काढलेला कचरा, शिस्तबद्ध संकलन आणि क्लोरीन काढण्याची सोय हे सर्व तेथे होते. तरीही इतर मार्गांच्या तुलनेत खर्च जड जाऊन सुमारे दहा वर्षांनी तोही थांबला.

या दोन्ही ठिकाणी यंत्रविद्या अपुरी पडली असे म्हणता येत नाही. अपुरा पडला तो माल आणि हिशेब. स्वस्त आणि तरीही स्वच्छ असा कचरा पुष्कळ प्रमाणात असतो, हे गृहीतच चुकीचे ठरले. स्वच्छता फुकट मिळत नाही; कोणी तरी धुतलेले, निवडलेले, वाहून आणलेले असते, आणि त्याचे मोल दिल्यावर तेलाच्या किमतीत नफा उरत नाही. खनिज तेल महागले की या पद्धतीविषयीचा उत्साह वाढतो आणि ते स्वस्त झाले की ओसरतो. ज्या कचऱ्याची विल्हेवाट रोजच्या रोज लागली पाहिजे त्याची व्यवस्था अशा चढउतारावर सोपविणे शहाणपणाचे नाही.

(७)

मग या पद्धतीला स्थानच नाही काय ? आहे, पण ते शोधून, मापून दिले पाहिजे. सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गेयर, जॅम्बेक आणि लॉ यांच्या गणनेनुसार २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लॅस्टिक कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांचे पुनश्चक्रण झाले, १२ टक्के जाळला गेला, आणि उरलेला ७९ टक्के उकिरड्यांत किंवा निसर्गात साचला. हा ढीग पाहिल्यावर कोणताही उपयुक्त मार्ग तुच्छ लेखणे योग्य होणार नाही. दाणे पाडून पाडून ज्याचा कस गेला आहे असे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, डेपोतून उकरून काढलेल्या पिशव्या, धुण्याचा खर्च न परवडणारे पातळ कापटे, यांसाठी उष्णता-विघटन हा विचारार्ह मार्ग आहे. तेथे मिळणारे तेल नजीकच्या भट्टीत जाळावे, अथवा शक्य असेल तेथे मोठ्या तेलशुद्धी कारखान्याकडे शुद्धीसाठी पाठवावे. नागपूरच्या प्रयत्नांचे आणि डेहराडूनच्या संशोधनाचे मोल या मर्यादित क्षेत्रातही कमी होत नाही. अतिशयोक्तीचे ओझे उतरल्यावर ते अधिक स्पष्ट दिसू लागेल.

या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांनी दोन पथ्ये पाळणे इष्ट होईल. पहिले शब्दाचे. पदार्थापासून पुन्हा पदार्थ घडतो त्यासच ‘पुनश्चक्रण’ म्हणावे. जाळण्यासाठी केलेल्या रूपांतरास ‘इंधनीकरण’ असा स्वतंत्र शब्द वापरावा. त्यामुळे दोहोंची तुलना करण्याची वाट मोकळी होईल. दुसरे पथ्य पुराव्याचे. कोणत्याही संयंत्राविषयी लिहिताना आत घातलेल्या प्लॅस्टिकची जातवार वजने, बाहेर आलेल्या तेल, वायू, मेण आणि काजळी यांची वजने, तेलाच्या मानक कसोट्यांचे निष्कर्ष, आणि ते तेल अखेर कोठे गेले, या चार गोष्टी द्याव्यात. ज्या अहवालात या चारही आहेत तो आकाराने लहान असला तरी विश्वसनीय मानावा. ज्यात या नाहीत त्यातील लिटरांच्या आकड्यावर कोणत्याही नगरपालिकेने आपला कचरा आणि कचरावेचकांची मिळकत पणाला लावू नये.